शेकाची पिशवी आणि दुपारची कडी

आबा,

हे तुम्हाला लिहितेय, पण सभेत बोलायची सवय जात नाही, म्हणून तुमच्या शेजारी तुमच्या वयाच्या सगळ्यांना बसवून घेते. मारुतीच्या देवळापुढच्या कट्ट्यावर बसायचे ते सगळे. टोपी काढून गुडघ्यावर ठेवणारे, कारखान्याच्या वार्षिक सभेत उभं राहून संचालकांना घाम फोडणारे, आणि स्वतःच्या घरात शिरताना मात्र दारातच खाकरणारे. तुमच्यातलं आता कुणी उरलेलं नाही, तेव्हा एकमेकांसमोर लाजायचं कारणही उरलं नाही. तुमची सगळ्यांची एक तक्रार होती आणि ती तुम्ही कुठल्याही सभेत मांडली नाहीत. घरातल्या बाईवर माया करायची तर ती तुम्हाला चोरून करावी लागायची. रागवायला मुभा होती, तीही अंगणात, चारचौघांदेखत, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मायेला मात्र दार लावावं लागायचं. हा अन्याय होता. मी उभा जन्म बायकांवरच्या अन्यायाबद्दल बोलत आले. हा एक तुमच्यावरचा होता, आणि त्याच्याबद्दल मी कधी बोलले नाही, कारण तुम्ही मला बोलू नको म्हणाला होतात.

माझा उजवा खांदा गेल्या दिवाळीपासून धरलाय. ज्या हातानं मी मैदानं गप्प केली, तो हात आता वेणी घालायला वर जात नाही. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्याच कॉलेजात शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "बाई, हात वर करून किती वर्षं बोललात? आता हात खाली ठेवून बोलायला शिका." औषध दिलं, व्यायाम दिला आणि म्हणाल्या, शेक घेत जा. बारामतीत औषधाच्या दुकानात शेकायच्या रबरी पिशव्या मिळतात, विजेवर तापणाऱ्याही मिळतात. मी घेतल्या नाहीत. कपाटाच्या तळातून तुमच्या धोतराची पिशवी काढली, कुकरशेजारी कढई ठेवली आणि तुम्ही करायचात तसं मीठ भाजायला घेतलं.

अजून सगळं हाताला आठवतं. खडा मीठ कोरड्या कढईत घालायचं, वरून मूठभर ओवा. आच मंद ठेवून उलथन्यानं हलवत राहायचं. मीठ आधी तडतडतं, मग गप्प होतं. ते गप्प झालं की उतरवायचं, थोडं थांबायचं आणि पिशवीत भरायचं. पाऊणच भरायचं, कारण गच्च भरलेली पिशवी पाठीवर दगडासारखी बसते, अंगाला वळत नाही. तोंड बांधून झालं की ती आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावायची. तिथं सोसवली तरच दुसऱ्याच्या अंगाला लावायची. मी सगळं नीट केलं, आबा. पण खांद्याच्या मागं, पाठीच्या वरच्या अंगाला, जिथं खरं दुखतं, तिथवर माझा डावा हात पोचत नाही. मी पिशवी खुर्चीच्या पाठीला टेकवली आणि तिच्यावर रेलून बसले. ती सारखी घसरत होती. शेक ही एकट्यानं घ्यायची गोष्ट नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

ही पिशवी घरात आली तो दिवस मला लख्ख दिसतो. उसाची लागण चालू होती. आई सकाळपासून पाटीनं बेणं वाहत होती आणि दुपारी बांधावरून उतरताना तिच्या पाठीत उसण भरली. तिला बाजेवर आणून टाकलं. दादा तेव्हा शिकायला मामाकडं, वालचंदनगरला, कंपनीच्या क्वार्टरमध्ये. घरात मी आणि तुम्ही. मी शाळेला दांडी मारलेली. तुम्ही बराच वेळ ओसरीवर येरझाऱ्या घातल्या. कुणाला बोलवावं असा विचार करत असाल, कारण शेकायचं काम बायकांचं, आणि गल्लीतल्या सगळ्या बायका रानात होत्या. मग तुम्ही स्वयंपाकघरात गेलात. मी पाठोपाठ गेले, कारण तुम्ही तिथं कधी जात नव्हता. पाणीसुद्धा तुम्हाला बाहेर लागायचं.

तुम्ही चुलीपुढं उकिडवे बसलाय. टोपी डोक्यावर तशीच. जुन्या धोतराचा तुकडा दुहेरी करून तुम्ही त्याची पिशवी केलीय, पोती शिवायच्या दाभणानं आणि सुतळीनं, टाके अंगठ्याएवढे. पिशवी भरून तुम्ही ती तशीच तव्यावर ठेवली आहे आणि तिच्याकडं असं बघताय, जसं कोर्टात निकालाची वाट बघतात.

"अवो, काय शिजवताय?" आई बाजेवरून विचारते.

"शेक करतोय. गप पड."

"शेकाला गुऱ्हाळाचा वास येतो व्हय?"

तुम्ही पिशवी उचलायला जाता तर ती तव्याला चिकटलेली. कापडातून तपकिरी धार गळायला लागलेली. तुम्ही बोट लावता, भाजतं, बोट तोंडात घालता आणि तुमचा चेहरा बदलतो.

"कुठल्या डब्यातलं मीठ घेतलं?" आई विचारते.

"मोठ्या."

"मोठ्या डब्यात सभासदाची साखर हाय."

दिवाळीला कारखान्याकडून सभासदांना मिळणारी साखर आपल्या घरात पोत्यानं यायची, तिच्यासाठी सगळ्यात मोठा डबा, आणि मीठ बिचारं कोपऱ्यातल्या बरणीत. मिठाआधी हाताला साखर लागते अशाच घरात ही चूक होऊ शकते. आई हसायला लागली. हसली की उसण कळ मारायची, कळ आली की ती विव्हळायची आणि पुन्हा हसायची. "हसवू नका वो, मरंन मी," असं म्हणत तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तुम्ही तसेच तव्यापुढं उभे. म्हणालात, "कारखान्याला कळलं तर सभासदांतनं नाव काढून टाकतील माझं." तुम्ही विनोद करता हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग तिनं बाजेवर पडल्यापडल्या तुम्हाला सांगितलं, बरणी कुठं, ओवा कुठं, कढई कुठली, किती वेळ. तुम्ही नवी पिशवी शिवलीत. या वेळी मधोमध एक शिवण घातलीत, म्हणजे तिचे दोन कप्पे झाले, मणक्याच्या दोन्ही अंगांना बसतील असे. ते तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बैलाच्या पाठीवर ओझं टाकताना दोन्हीकडं सारखं टाकतात, तसं केलंत एवढंच. आई म्हणाली, "आता कडी लावा. कुणी आलं तर काय म्हणंल." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी बाहेर गेले, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

आईची उसण गेली, पण पाठ काही पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. खुरपणी, धारा, लाकडं, लागण, सगळं चालूच होतं. त्यामुळं तो शेक रोजचा झाला. दुपारी ती रानातून भाकरीला यायची, जेवण व्हायचं, तुम्ही मीठ भाजायचात आणि पुन्हा बाहेर पडायच्या आधी थोडा वेळ मधल्या खोलीची कडी लागायची. सुट्टीच्या दिवशी मी ओसरीवर राखणीला. कुणी आलं तर काय सांगायचं, ते तुम्ही मला शिकवलं नव्हतं. माझं मीच ठरवलं.

समोरचे तात्या एकदा भर उन्हात आले. "पोरी, आबा कुठं हायत?"

"पोथी वाचतायत, तात्या."

"कालबी पोथी, आजबी पोथी. एवढं कसलं पाप केलंय तुझ्या बापानं?"

"पाप नाही, तात्या. पुण्य साठवतायत."

"व्हय का? मग दोन वव्या आमच्या नावानं वाच म्हणावं. आमचं खातं लई दिवस रिकामं हाय."

ते हसत गेले, आणि गावात झालं की आबा रोज दुपारी पोथीला बसतात. तुमचा मान वाढला. देवळातल्या सप्त्याला तुम्हाला पुढं बसवायला लागले. तुम्ही दोघं आतून सगळं ऐकायचात. एकदा दार उघडून बाहेर आलात आणि मला म्हणालात, "तुझी जीभ लई चालती. वकील कर म्हणतील." लोक मला विचारतात, बाई, तुम्ही बोलायला कुठं शिकलात. मी कधी शाळेतल्या बाईंचं सांगते, कधी वाचनाचं. खरं म्हणजे मी बोलायला त्या दारात शिकले. आत एक माणूस दुसऱ्याची पाठ शेकत होता आणि बाहेर मी जगाला थोपवून धरत होते. त्यानंतर मी जी काही भाषणं केली, त्यांत याहून मोठं काम केल्याचं मला आठवत नाही.

दादा सुट्टीला यायचा तेव्हाही मी तेच सांगायचे. आबा पोथी वाचतायत. मामाकडं राहून तो आपल्याच घरात पाहुण्यासारखा झाला होता. तुमचा त्याला धाक होता आणि तुमचं त्याला फार वेडही होतं. तो बंद दारापुढं मांडी घालून बसायचा, हात जोडून, डोळे मिटून. आत ओव्याचा वास. तो मला विचारायचा, "हा वास कसला?" मी म्हणायचे, "धूप." आबा, त्याचे ते जोडलेले हात मला तेव्हा गमतीचे वाटायचे. आता नाही वाटत.

मग इंदापूरची वक्तृत्व स्पर्धा. मी कॉलेजात गेले होते. तुम्ही बैठकीचं काम आहे असं घरी सांगून आलात आणि मांडवाच्या कडेला, चपला हातात धरून उभे राहिलात. विषय होता ग्रामीण स्त्रीचे श्रम. मी आईची पाठ सांगितली. नाव न घेता, पण आईचीच. पाटी वाहणारी, वाकलेली, कुणी न विचारलेली पाठ. लोक हळहळले, मला कप मिळाला. एसटी स्टँडवर चहा घेताना मी तुम्ही काही बोलाल याची वाट बघत होते. तुम्ही चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसला होता.

"मला वाटलं, फुडच्या वाक्याला तू सांगतीस," तुम्ही म्हणालात.

"काय?"

"घरातलं."

"सांगितलं असतं तर काय झालं असतं, आबा? चांगलंच आहे की. लोकांनी शिकावं."

तुम्ही माझ्यावर त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशीही चढवला नाहीत. उलट तो इतका खाली आला की मला पुढं वाकावं लागलं. "जीभ चालती म्हनून घर चव्हाट्यावर आनायचं न्हाय. मला हसतील त्याचं कायबी न्हाय. मी गडी हाय, हसतील न् इसरतील. तिला हसतील. म्हनतील, नवऱ्याकडनं सेवा करून घेती. तिला पाणवठ्यावर उभं ऱ्हाऊ द्यायच्या न्हाईत. वचन दे."

आणि मी वचन दिलं. ज्या मांडवात मी तासाभरापूर्वी कुणी न विचारलेली पाठ सांगितली होती, तिथं मी खोटं बोलले होते, हे मला तेव्हाच कळलं. ती पाठ रोज विचारली जात होती. पण खरं सांगायची मुभा नव्हती, म्हणून मी लोकांना माहीत होतं तेच त्यांना पुन्हा सांगितलं, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आई गेली त्या वर्षी मी आपल्या गावी, कोऱ्हाळ्याला सारखी यायचे. एका दुपारी आले तर मधल्या खोलीची कडी लागलेली. दादा आणि वहिनी मळ्यात होते. मी दार वाजवलं, हाक मारली, तेव्हा तुम्ही उघडलंत. खोलीत ओव्याचा वास होता. बाजेवर तुम्ही एकटेच बसला होता आणि मांडीवर पिशवी, गरम. तुम्ही म्हणालात, "ह्या वक्ताला हात रिकामा ऱ्हातोय." मी तुमच्या शेजारी बसले. पिशवी हळूहळू निवत गेली आणि आपण दोघं ती निवेपर्यंत तिथं बसलो. उठताना तुम्ही ती माझ्या हातात दिलीत. "तुझ्याकडं ठेव. हितं कुणाच्या हाताला लागली तर इचारतील." मी म्हटलं, दादाला देऊ का. तुम्ही मान हलवलीत. "त्याला काय सांगायचं?" एवढंच. त्यानंतर तुम्ही फार दिवस काढले नाहीत.

आता तुम्हाला कशासाठी लिहितेय ते सांगते. मागच्या आठवड्यात मी कोऱ्हाळ्याला गेले होते. वहिनीची पाठ गेली आहे. धारा काढून उठताना एक दिवस ती उठलीच नाही. दवाखाना झाला, फोटो काढून झाले, डॉक्टरांनी आराम आणि शेक सांगितला. मी पोचले ती जेवणं झालेली वेळ. वहिनी पडवीतल्या खाटेवर पालथी पडलेली, आणि मधल्या खोलीची कडी आतून लावलेली.

मी विचारलं, "दादा कुठं आहे?"

वहिनी उशीत तोंड खुपसून म्हणाली, "पोथी वाचत्यात."

आबा, मी खाटेच्या कडेला टेकले. तो खरंच वाचतो. इतकी वर्षं, रोज दुपारी, आतून कडी लावून, धूप लावून, तुमच्यासारखं. तुमच्या जागी बसून. बापाचं काही सोडायचं नाही म्हणून त्यानं ती दुपार नेमानं पाळली, तिच्यात एक दिवस खंड पडू दिला नाही. तो काही वाईट माणूस नाही. तुम्ही जे दाराबाहेर दिसू दिलंत, ते सगळं त्यानं घेतलं. दाराच्या आतलं त्याला कुणी दिलं नाही.

तो बाहेर आला तेव्हा मी मीठ भाजून पिशवी तयार केली होती. तुमचीच पिशवी, बरोबर नेली होती. माझा हात दाबायला उठत नव्हता. मी म्हटलं, "दादा, माझा खांदा चालत नाही. एवढी हिच्या कंबरेला धर."

तो दोन पावलं मागं सरला. हसला, पण लाजून. "मला न्हाय जमत असलं. सून येईल आता साळंत शिकवून, ती धरंल."

"सून येईपर्यंत निवेल ती."

"अगं, काय बोलतीस? आपल्या घरात असली रीत हाय का? आबांनी कधी आईची पाठ शेकली का? बघितलंस कधी?"

तो माझ्याकडं बघत राहिला. त्यानं मला खरंच विचारलं होतं. आणि मी, जिचं तोंड कुणाला बंद करता आलं नाही, मंत्र्यासमोर बोलले, पोलिसांसमोर बोलले, मी त्याच्याकडं बघत गप्प राहिले. इंदापूरच्या स्टँडवरचा तुमचा तो खाली गेलेला आवाज माझ्या कानात होता. दादानं ते गप्प बसणं होकार म्हणून घेतलं. "मग," म्हणाला आणि मळ्याकडं गेला. मी डाव्या हातानं, जमेल तशी, पिशवी वहिनीच्या पाठीवर ठेवली. ती घसरली की पुन्हा ठेवली.

वहिनी उशीतूनच म्हणाली, "वन्सं, तुमी सांगितलं का न्हाय?"

"काय?"

"आबांचं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ती मान वळवून माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "मला ठाऊक हाय. आत्यांनी, तुमच्या आईंनी सांगितलं, मी पिंपळीवरनं लगीन होऊन नवी आले त्याच वर्षी. दादा तुमचे चारचौघांत माझ्यावर वराडले, मी मागल्या दारी रडत बसलेली. आत्या आल्या, शेजारी बसल्या. म्हणाल्या, पोरी, ह्या घरातली माणसं बाहेर कडक असत्यात. दार लावलं की तशी न्हाईत. मग त्यांनी मला ते साखरेचं सांगितलं. आमी दोघी इतक्या हसलो."

"मग?"

"मग काय. मी तवापासनं दार लावायची वाट बघतीया."

तिनं हे रडत सांगितलं नाही. कोऱ्हाळ्यात पाऊस कधी पडेल असं बोलतात तशा आवाजात सांगितलं. पुढं म्हणाली, "दार तर रोज लागतं वन्सं. पण मी बाहेरच असते."

मी तिच्या पाठीवर पिशवी धरून बसले होते आणि ती केव्हाच निवली होती.

तेव्हापासून मी तुमच्याशी भांडते आहे, आबा. आईला हसतील म्हणून तुम्ही कडी लावलीत, आणि आईनं मात्र लाजायचं तर सोडाच, हसत हसत सुनेला सांगितलं. तिला पाणवठ्याची भीती नव्हती. ती भीती तुमची होती. तुम्ही तिच्या नावानं जपलेलं गुपित तिनं तुम्हाला न विचारता मोडून टाकलं, ते मोडायलाच हवं होतं म्हणून. तिनं एका बाईला आशा दिली. पण ती आशा खरी करायची ज्याच्या हातात होतं, त्याला कुणी काही सांगितलं नाही. तुम्ही सांगितलं नाहीत. आई मुलाशी असलं बोलायची नाही. मी वचनात बांधलेली. एका माणसाची माया एका खोलीत जन्मली आणि त्याच खोलीत संपली, आणि तिच्या जागी एक पोथी उरली. मला त्या पोथीचा राग नाही. पण माझी वहिनी खाटेवर पडली आहे, तिला आता किती वर्षं अशीच काढायची आहेत ठाऊक नाही, आणि माझा भाऊ तिच्यापासून एका दाराच्या अंतरावर बसून तुमच्यासारखा व्हायचा प्रयत्न करतो आहे. तो तुमच्यासारखा आहेच, आबा. त्याला हे माहीत नाही एवढंच.

मला तुमच्या वचनाची किंमत कळते. माणूस गेल्यावर त्याला दिलेलं वचन जास्तच जड होतं, कारण परत घ्यायला तो येत नाही. पण मी हेही बोलत आले आहे, आणि मनापासून बोलत आले आहे, की जे चांगलं आहे ते लपवायला लावणारी लाज ही लाज नव्हे, ती दहशत आहे. हे मी दुसऱ्यांना सांगायचं आणि माझ्या घरात तीच दहशत राखत बसायचं, हे मला यापुढं जमणार नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. टाकायला पत्ता नाही. एक मात्र लिहून ठेवते, कारण तुमच्याशी खोटं बोलायला मी कधी शिकले नाही, तुमच्यासाठी शिकले. वहिनी म्हणाली, मला ठाऊक हाय, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते तिच्याबद्दलचं वाईट वाटणं नव्हतं. मला मत्सर वाटला. ती पिशवी, ते दार, ते साखरेचं हसणं, इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्ही गेल्यावर हे जगात माझ्या एकटीकडं आहे. वचन मी पाळलं ते तुमच्यासाठी, असं म्हणते. थोडं ते माझ्याजवळ राहावं म्हणूनही पाळलं.

उद्या सकाळच्या गाडीनं कोऱ्हाळ्याला जाते आहे. पिशवीची एक शिवण उसवली होती, ती घालून घेतली. तुमच्यासारखे मोठे टाके घातले. दादाशी मला भाषण करायचं नाही. तो पोथीला बसायच्या आधी त्याला चुलीपुढं बसवीन, मीठ भाजायला लावीन, आणि त्याचे हात कढईत गुंतलेले असताना साखरेची गोष्ट सांगीन. तो हसेल किंवा रागावेल, काय करेल ते करू दे. पुढचं माझ्या हातात नाही, माझा हात तर वरही जात नाही. म्हणून तुम्हाला आणि तुमच्या शेजारी बसवलेल्या त्या सगळ्यांना एकच सांगणं आहे. बाकी काही करू नका. आई आत आहे, मीठ गरम आहे, मी बाहेर ओसरीवर उभी आहे आणि या वेळी मी कुणाला थोपवणार नाही. आबा, आतून कडी काढा.